दिव्यांचा हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, ‘सारथी’ या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या पीएच.डी. फेलोशिपचा विषय निघाला. ती २०० विद्यार्थ्यांपुरतीच का ठेवली, असा विरोधी बाकावरून प्रश्न होता. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलटा सवाल केला : पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? पुढे खुलासे झाले, पण वाक्य राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून फेलोशिपचं नाव काढलं की दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, लोकांच्या पैशावर कसले प्रबंध लिहिता, स्पर्धा परीक्षा द्या नाहीतर धंद्याला लागा. दुसरी म्हणते, हा आमचा अपमान आहे. पहिलीला संशोधन कशाला म्हणतात हे माहीत नाही आणि दुसरीने ते सांगायची तसदी घेतलेली नाही. अपमान झाला हे खरंच. पण अपमान माफीने मिटतो, प्रश्न मिटत नाही. ‘काय दिवे लावणार’ हा प्रश्न कितीही उर्मट असला, तरी कर भरणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे, आणि त्याला धड उत्तर मिळायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संशोधकाकडून हिशेब जरूर घ्यावा, पण तो खरेपणाचा. उपयोगाचा हिशेब मागायचा असेल तर दुसऱ्या दारी जावं लागेल. संशोधकाला एवढंच विचारायचं : बाबा रे, तुझ्या अभ्यासाचं उत्तर ‘नाही’ असं येऊ शकत होतं का? आलं असतं तर तू ते तसंच लिहिलं असतंस का? आणि ज्यांच्या हातात खाती आहेत, तिजोरी आहे, आदेश काढायची ताकद आहे, त्यांना विचारायचं : जे उत्तर आलं ते तुम्ही वाचलंत का? आज आपण नेमके उलटे प्रश्न उलट्या माणसांना विचारतो आहोत.

त्या वेळी उत्तरादाखल बहुतेकांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली नसती तर? प्रश्न बिनतोड वाटतो, पण माझ्या मते तो आळशी आहे. दोनशेपैकी कुणी आंबेडकर निघेल म्हणून फेलोशिप द्या, असं म्हटलं की उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांसाठी आपल्याकडे बोलायला काही राहत नाही. त्यापेक्षा तीच गोष्ट बडोद्याच्या खतावणीतून वाचा. १९१३ साली संस्थानाने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली ती करार करून : शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ साली आंबेडकर बडोद्याला रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. दहा वर्षांची नोकरी कुठली, दहा महिनेही पुरे झाले नाहीत. गुंतवणूक आणि परतावा या हिशेबाने पाहिलं तर बडोद्याचे पैसे बुडाले. अशा वेळी बुडीत खात्यात टाकायचं काय, शिष्यवृत्ती की ते शहर? रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये मान्य झाला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. यातलं काहीही बडोद्याच्या जमेला लागलं नाही. संशोधनाचं फळ पैसे देणाऱ्याच्याच अंगणात पडेल, अशी हमी कधीच नव्हती.

आता समोरच्यांची बाजू, आणि ती मी हातचं राखून मांडणार नाही. मी पंचवीस वर्षं तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवलं आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून बरेच प्रबंध तपासले. एकदा एका तालुक्यातल्या दुग्धव्यवसायाच्या आर्थिक अभ्यासाचा प्रबंध आला. बांधणी छान, सोनेरी अक्षरं, प्लॅगचा, म्हणजे वाङ्मयचौर्य तपासणीचा, रिपोर्ट नियमात बसणारा. चौथ्या प्रकरणात मधेच भलत्याच तालुक्याचं नाव. मला वाटलं टायपिंगची चूक. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. जुन्या प्रबंधातला तालुका बदलून नवा घालताना तीन जागा नजरेतून सुटल्या होत्या, एवढंच. निष्कर्ष होता : दुग्धव्यवसायाने शेतकऱ्याच्या उत्पन्नात भर पडते, गृहीतक सिद्ध झाले. हे सांगायला दोन तालुके कशाला लागतात? गाईला विचारलं असतं तरी तिने मान डोलावली असती. मी शेरा लिहिला. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, लांबला, मग माझ्या जागी दुसरे एक्स्टर्नल आले आणि सगळं गोड झालं, असं नंतर कळलं. पण त्या तालुक्याच्या घोळापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खुपते. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रबंधांपैकी गृहीतक चुकीचं ठरलं, असं प्रामाणिकपणे लिहिणारा जवळपास एकही नव्हता. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही, ती परीक्षा कशाची?

दुसरा मुद्दाही मान्य करतो. कित्येक मुलांसाठी फेलोशिप हा संशोधनाचा खर्च नसून बेकारीतला पगार झाला आहे. ‘घरी काय सांगू सर, निदान पीएच.डी. चालू आहे असं तरी सांगता येतं,’ असं मला एका हुशार मुलाने सांगितलं होतं. त्याला काय उत्तर द्यायचं? नेट-सेट झालेली, पस्तिशी ओलांडलेली माणसं तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, दोन-दोन कॉलेजांत धावाधाव करतात आणि मानधनाची वाट पाहतात. राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या. त्या भरायच्या नाहीत, पोरांना पाच वर्षं फेलोशिपवर तंगवत ठेवायचं आणि मग म्हणायचं की फेलोशिपच्या पैशासाठी पीएच.डी. करतात! आरोप खरा आहे. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहायला हवं, याबद्दल माझं मत वेगळं आहे.

मुळात हे कागदी संशोधन उगवलं कुठून? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारा एपीआय आणला. बढती हवी तर गुण हवेत, गुण हवेत तर पेपर हवेत. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, असाही नियम होता. मागणी निर्माण झाली आणि बाजार उभा राहिला. दीड-दोन हजार रुपये भरा, आठवड्यात पेपर छापून घ्या, आयएसएसएन या नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकासकट. मे २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. म्हणजे आधी ती मान्य होती! मग मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही गेली. निबंधाची सक्ती २०२२ मध्ये उठली. पंधरा वर्षांत नियम इतक्यांदा फिरले की एका उमेदवाराची नोंदणी एका नियमाने, सिनॉप्सिस दुसऱ्या आणि व्हायवा तिसऱ्या, असंही घडलं.

आमच्या आधीच्या पिढीतले शिक्षक १९७६ सालची एक गोष्ट सांगायचे. आणीबाणीत कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. ‘केसेस’ आणा, नाहीतर पगार अडेल. वर्षभरात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रियांची नोंद झाली. आकडा मागितला की आकडा मिळतो, माणसांचं काय झालं ते नंतर कळतं. मतपेटीतून ते १९७७ मध्ये कळलंच. प्राध्यापकांकडून पेपरांच्या केसेस मागवण्याचा प्रकार त्याच जातीचा, इतकंच की त्यात कुणाच्या शरीराला इजा झाली नाही. विषयाला झाली. तेव्हा फेलोशिपची संख्या कमी केल्याने हा रोग बरा होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी सांगावं : दोनशेच प्रबंध आले आणि दोनशेच्या दोनशे ‘गृहीतक सिद्ध झाले’ असेच निघाले, तर राज्याने नेमकं काय वाचवलं?

वाचवलेल्या पैशांचाही हिशेब करून टाकू. यूजीसीच्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. हाच दर धरला आणि घरभाडं सोडलं, तर दोनशे जणांचे वर्षाला ८ कोटी ८८ लाख होतात. राज्याचा वर्षाचा खर्च पाच लाख कोटींच्या वर. दुष्काळी राज्यात प्रत्येक रुपया मोलाचा आहे, हे मला मान्य. पण भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, चीन दोनाच्या वर आणि दक्षिण कोरिया चाराच्या वर. ज्याच्या ताटात आधीच चतकोर आहे, त्याला कमी खा म्हणून सांगायचं?

उपयोगाचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण तो वरवर फार शहाणपणाचा वाटतो. शेतकऱ्याला उपयोग होईल असंच संशोधन करा, यात चूक काय? चूक अशी की उपयोग आधी दिसत नाही. महाराष्ट्राच्या राजकारणाला ज्या पिकाने दूध पाजलं त्या उसाचंच घ्या. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी काय केलं, तर गोड, जाड उसाचा संकर नदीकाठी माजणाऱ्या बारीक जंगली उसाशी केला, ज्यात साखर जवळजवळ नसते. साखर वाढवायची आहे आणि साहेब गवताशी सोयरीक जुळवतायत! त्या काळी कुठल्या सभागृहात हा विषय निघाला असता तर काय हशा पिकला असता. पण त्या रानटी वाणात काटकपणा होता, रोगाला दाद न देण्याची ताकद होती. १९१८ साली तिथून को २०५ हा वाण बाहेर पडला आणि नंतरच्या वाणांची वाट मोकळी झाली. आज कोल्हापूर-सांगलीचा शेतकरी ‘८६०३२’ म्हणतो तो आकडा लॉटरीचा नाही. को म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, आणि पुढे त्या वर्षाच्या यादीतला क्रमांक. कुणाच्या तरी प्रयोगवहीतली ती नोंद आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने महाराष्ट्रात तो वाण ‘नीरा’ नावाने १९९६ मध्ये शिफारशीत आणला. नोंदीपासून बांधापर्यंत दहा वर्षं. त्याच यादीतल्या बाकीच्या रोपांपैकी बहुतेक वाया गेली असणार, आणि ती वाया गेली म्हणूनच हे एक कळलं. कारखान्यांचं म्हणाल, तर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ होते, गोखले संस्थेत बसून वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च तपासणारे अर्थशास्त्रज्ञ. साखरेच्या जिवावर निवडून येणाऱ्या पिढ्यांनी संशोधनाला ‘काय दिवे लावले’ विचारावं, यात एक गंमत आहे. ती कुणाच्या लक्षात आली नाही याचं मला नवल वाटतं.

पण उसाचं उदाहरण देऊन थांबलो तर मीही उपयोगाच्याच भाषेत अडकेन. म्हणून ज्याचं उत्तर ‘नाही’ आलं असं संशोधन घेऊ. एप्रिल २०२१ आठवतो? फोनवर दर तासाला निरोप : अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, तातडीने. लोक रात्री-अपरात्री कोविडमधून बरे झालेले दाते शोधत होते, हातापाया पडत होते. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘प्लॅसिड’ या चाचणीचा निष्कर्ष छापून आला होता. देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेला अभ्यास. काहींना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, काहींना दिला नाही. मृत्यू कमी झाले नाहीत, आजार गंभीर होणंही थांबलं नाही. महाराष्ट्रानेही जून २०२० मध्ये ‘प्लाटिना’ नावाने प्लाझ्माचा मोठा प्रकल्प जाहीर केला होता. त्या वेळी उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यात गैर काही नव्हतं. पण उत्तर आल्यावरही दुसऱ्या लाटेत तीच धावपळ झाली, आणि उपचारांच्या राष्ट्रीय यादीतून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये. त्या ४६४ रुग्णांच्या अभ्यासाने एकही औषध दिलं नाही, पेटंट दिलं नाही. ‘उपयोगा’च्या रकान्यात त्यापुढे शून्य लिहावं लागेल. मला विचाराल तर त्या वर्षातल्या सर्वांत उपयोगी कामांत ते बसतं. एखाद्या घरातला मुलगा त्या रात्री बापाच्या उशाशी बसू शकला असता. तो दाता शोधत गावभर फिरला.

‘मग विज्ञानाला द्या पैसे, मराठीत नि समाजशास्त्रात कसली पीएच.डी.?’ हा पुढचा आक्षेप ठरलेला. तो करणाऱ्यांनी यवतमाळ-वर्ध्याकडे जाऊन यावं. बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःतच तयार करणारा कापूस. त्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटी बियाण्याची पुडी मिळायची. ती कडेने लावायची, म्हणजे तिथल्या अळ्यांमध्ये विषाला प्रतिकार तयार होत नाही आणि त्यांच्याशी संकर होत राहिल्याने सगळी जमातच प्रतिकारक बनायला वेळ लागतो. कीटकशास्त्र निर्दोष होतं. पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर पडली. पाच एकरांच्या धन्याने अळीला खायला म्हणून जमिनीचा तुकडा का सोडावा? डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही जादा पिकासाठी उभा राखलेला कापूस, ठेवू नका, असंही शास्त्रज्ञ सांगत होते, कारण गुलाबी बोंडअळी त्या उभ्या कापसावरच पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पण ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला रब्बी नाही, आणि ज्याला रब्बी नाही त्याला फरदडीचे दोन-तीन क्विंटल सोडवत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बोलगार्ड-२ या पुढच्या पिढीच्या बीटी कापसावर अळी जगू लागल्याचा इशारा आधीच दिला होता. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं किडली आणि त्याच वर्षीच्या नागपूर अधिवेशनात नुकसानभरपाईची घोषणा झाली. अळीबद्दल आपल्याला सगळं माहीत होतं. पुडी फेकणाऱ्या माणसाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा हिशेब, त्याचं कर्ज, कृषी केंद्राच्या दुकानदारावर त्याचा असलेला आणि नसलेला विश्वास, हे विषय कुठल्या शाखेत येतात? ज्यांची आपण टर उडवतो त्याच शाखांत. पुढे बियाणं आधीच मिसळून देण्याची पद्धत स्वीकारावी लागली. शेतकरी पुडी टाकतो एवढं समजायला इतकी वर्षं लागावीत?

या शाखांतले प्रबंध आज असं काही विचारत नाहीत, असं कुणी म्हणेल. बरेचसे विचारत नाहीत, खरं आहे. विचारतील कसे? गाईडच विषय देतो, आणि गाईड विषय देतो तो स्वतःच्या सोयीचा. व्हायवाच्या दिवशी प्रश्नांपेक्षा जेवणाची चर्चा जास्त होते. हे सुधारायचं तर गाईडला आणि विद्यापीठाला धारेवर धरावं लागेल. पण गाईड मतदारसंघात वजन राखून असतो आणि फेलोशिपवाला पोरगा आझाद मैदानात सतरंजीवर बसलेला असतो. धारेवर कुणाला धरणं सोपं?

आता सरकारच्या वाचनाकडे येतो. जिथे ‘काय दिवे लावणार’ विचारलं गेलं त्याच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे १९६० ते १९७८ इतकी वर्षं होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. कल्पना सुचली म्हणून त्यांनी लगेच कायदा आणला नाही. १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला ती लहान प्रमाणावर करून पाहिली. काम मागणाऱ्याला काम दिलं तर काय होतं? किती येतात, खर्च किती येतो? त्याला कुणी पीएच.डी. दिली नाही, पण संशोधन म्हणतात ते हेच. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला कापले जाणारे व्यवसाय कराचे दोनशे रुपये त्या प्रयोगाच्या पोटी जन्मले, कारण १९७५ चा तो कर रोजगार हमीसाठीच लावला होता. पुढची गोष्ट मला याहून आवडते. पागेंच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने शेतमजुराची किमान मजुरी काढली, दिवसाला चार रुपये. डॉ. अभय बंग तेव्हा तरुण होते. मजुराला लागणाऱ्या उष्मांकांचा समितीचा हिशेब त्यांनी पुन्हा मांडला आणि त्यातल्या चुका दाखवल्या. प्रकरण तापलं, आणि मजुरी बारा रुपयांवर गेली. एका सज्जन, अभ्यासू माणसाच्या हिशेबात दुसऱ्या अभ्यासूने चूक काढली, सरकारने ती वाचली आणि लाखो मजुरांच्या हातात आठ रुपये जास्त पडले. म्हणजे हे राज्य वाचू शकतं.

मात्र नेहमी इतक्या लवकर नाही. याच अभय बंगांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांवर काम केलं. तान्ह्या बाळावर उपचार दवाखान्यातच व्हायचे, गावातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणं म्हणजे वेडेपणा, असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानत होतं. त्यांनी ३९ गावांत बायकांना शिकवून तयार केलं आणि तुलनेला ४७ गावं घेतली. ही ४७ गावं महत्त्वाची, कारण उत्तर ‘नाही’ यायची वाट त्यांनी स्वतःच मोकळी ठेवली होती. ३९ गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या घरात आला. १९९९ च्या डिसेंबरात हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळ तपासायची राष्ट्रीय योजना आली २०११ मध्ये. मधली बारा वर्षं. दिवा लागला होता आणि साऱ्या जगाला दिसत होता. ती बारा वर्षं कुणाच्या नावावर टाकायची, संशोधकाच्या?

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्को या संयुक्त संशोधन बैठकीत बसून वाण, अवजारं आणि शिफारशी मंजूर करतात. त्यातल्या किती शिफारशी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जातात आणि तिथून किती शिवारात उतरतात, याचा पाठपुरावा करणारं कुणी दिसत नाही. उतरल्या नाहीत की ठपका मात्र विद्यापीठावर : यांच्या संशोधनाचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

तेव्हा ज्यांना खरोखर हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी करण्याजोग्या दोन-तीन गोष्टी आहेत, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. व्हायवा उघड्यावर घ्या, आधी जाहीर करून, गावातल्या कुणालाही बसता येईल असा. ज्या तालुक्यावर प्रबंध आहे त्या तालुक्यात घ्या. दुग्धव्यवसायाच्या प्रबंधाला समोर चार दूधवाले बसले असते तर भलत्या तालुक्याचं नाव पहिल्या पाच मिनिटांत सापडलं असतं. एक्स्टर्नलचे शेरे प्रबंधासोबतच प्रसिद्ध करा. ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात, प्रबंधाशेजारी शेराही दिसू लागला तर गोड करून घेणाऱ्यांची पंचाईत होईल. आणि गृहीतक फसलं म्हणून ज्याने प्रामाणिकपणे लिहिलं, त्याची फेलोशिप आणि पदवी त्यामुळे अडणार नाही, एवढं लेखी द्या.

राहता राहिली दुसरी बाजू. पुढच्या अधिवेशनात कुठल्याही पक्षाच्या सदस्याने एक तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न टाकावा. मसुदा मी देतो, फुकट : “राज्य शासनाच्या फेलोशिपवर गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेल्या प्रबंधांपैकी किती प्रबंधांची प्रत संबंधित खात्याने मागवली, किती वाचले गेले, आणि त्यातील कोणत्या निष्कर्षावर खात्याने कोणती कार्यवाही केली, अथवा न करण्याची कारणे काय आहेत?”